पुढचं कोणालाच ठाऊक नसताना

हालेमाउमाउ या ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर बसवलेले कॅमेरे बहुतेक वेळ काहीच दाखवत नाहीत. धुकं असतं. धुकं हटलं तर पाऊस असतो आणि भिंगावर थेंब साचून सगळं वेडंवाकडं दिसतं. पाऊसही नसला तर दिसतं ते एक अवाढव्य काळं विवर, त्याच्या तळाशी दोन तोंडं आणि त्यांतून सावकाश वर चढणारा निळसर पांढरा वायू. ज्वालामुखी बघायला म्हणून आलेला माणूस दोन मिनिटांत निघून जाईल असं हे दृश्य. मी ते तासन्‌तास उघडं ठेवते. काम करता करता मधूनच नजर तिकडे जाते, आणि कधी कधी काम तसंच राहतं.

हा ज्वालामुखी किलाउएया, हवाईच्या सगळ्यात मोठ्या बेटावरचा. २३ डिसेंबर २०२४ च्या पहाटे त्याच्या माथ्यावरच्या या विवरात उद्रेक सुरू झाला, पण सलग नव्हे, थांबून थांबून. काही तास, कधी दिवसभर किंवा त्याहूनही जास्त लाव्हारस उसळायचा आणि एकाएकी बंद पडायचा. मग काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे सगळं चिडीचूप. मग पुन्हा उसळी. प्रत्येक उसळीला तिथले शास्त्रज्ञ क्रमांक देत गेले, आणि डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात तो आकडा ३८ वर पोचला. अशी थांबून थांबून उसळणारी कारंजी किलाउएयावर याआधी दिसली होती ती १९८३ ते १९८६ या काळात, पुउ ओओ नावाच्या ठिकाणी. तेव्हा ती पाहायची तर तिथेच असावं लागे. आता अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे कॅमेरे ती जगात कुठेही, अहोरात्र दाखवतात.

उद्रेकाच्या छोट्या चित्रफिती ढिगानं मिळतात. त्यांत सगळ्यात देखणं मिनिट निवडलेलं असतं. ज्यानं ते निवडलं त्याला त्याच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते माहीत असतं. पाहणाऱ्यालाही मनातून माहीत असतं की आता काहीतरी होणार, एरवी हे आपल्यापुढे आलंच नसतं. थेट चित्रात ही खात्री कोणाकडेच नसते. माझ्याकडे नाही आणि आयुष्य या एका डोंगराच्या अभ्यासात घालवलेल्या माणसांकडेही नाही. पुढच्या क्षणी काय होणार हे पृथ्वीवर कोणालाही ठाऊक नाही, आणि त्या न ठाऊक असण्यात आपण सगळे एकाच वेळी बसलेलो आहोत, याची मला विलक्षण ओढ आहे. कारंज्याची आहेच, पण याची जास्त.

उसळीच्या आधीचे दिवस मला सगळ्यात आवडतात. रात्री तोंडात आधी नुसती लाली दिसते, तीही वायूच्या पडद्यावर पडलेली. मग कधीतरी लाव्हारसाची पातळी काठापर्यंत चढते. एक फुगवटा येतो, काठावरून एक लाल ओघळ बाहेर येतो, पुढे पुढे सरकतो, त्याची कड काळी पडत जाते. आता सुरू झालं असं वाटेपर्यंत तोंडात एकदम खळबळ उडते, ठिणग्या उसळतात आणि सगळा रस झरकन खाली बसतो. उतू जाणाऱ्या दुधावर फुंकर मारावी तसं. कारणही फार निराळं नाही. वर चढणाऱ्या रसात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, त्यांनी तो फुगतो आणि वर येतो. वायूला वाट मिळाली की तो भसकन निघून जातो आणि फुगलेला रस पुन्हा आपल्या जागी जातो. हे एकदा होत नाही. चढतो, सांडतो, बसतो. पुन्हा चढतो. कधी काही मिनिटांच्या अंतरानं, कधी दिवस-दोन दिवस असंच चालू राहतं. प्रत्येक वेळी वाटतं, ही खरी. यातली कोणती खरी ठरणार हे त्या क्षणी ओळखता येत नाही, कारण सुरुवात सगळ्यांची सारखीच दिसते.

आणि मग एक ओघळ थांबत नाही. रस बसत नाही. तोंडावरचा फुगवटा मोठा होत जातो, वीस-तीस मीटर उंचीचा होतो, आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात त्याचं कारंजं झालेलं असतं.

या कारंज्याची उंची पडद्यावर कळत नाही. शेजारी झाड नाही, घर नाही, माणूस नाही. पहिल्यांदा पाहताना ते दिवाळीतल्या भुईनळ्याएवढंच वाटू शकतं, इतकं ते एकटं असतं. मोठेपणा कळतो तो त्याच्या संथपणावरून. कारंज्याच्या शेंड्यावरचा एखादा ठळक लाल गोळा हेरायचा आणि तो खाली येईपर्यंत मनात आकडे मोजायचे. एक, दोन, तीन. तिसऱ्या आकड्याला तो खाली आला तर उंची साधारण पंचेचाळीस मीटर, म्हणजे पंधरा मजल्यांची इमारत. पण तो येत नाही. चार, पाच. अजून हवेतच, आता काळपट पडू लागलेला. सहा, सात. आठच्या सुमाराला तो खालच्या लाल गर्दीत मिसळतो. वरून सोडलेली वस्तू आठ सेकंदांत तीनशे मीटर पडते, हे शाळेतलं गणित. किलाउएयाच्या या कारंज्यांनी तीनशे मीटरची उंची अनेकदा ओलांडली आहे. हे गणित मला आधीपासून येत होतं, पण तो गोळा पडता पडत नाही म्हणताना छातीत जे होतं ते गणितानं कधी झालं नव्हतं. पडद्यावर जे सावकाश, जवळजवळ आळसावल्यासारखं दिसतं, ते प्रत्यक्षात कोसळत असतं. फक्त कोसळायला त्याच्याकडे जागा खूप आहे.

या चित्राला आवाज नाही. सुरुवातीला ही उणीव वाटली, आता वाटत नाही. आवाज नसल्यामुळे डोळ्यांना सगळं काम एकट्यानं करावं लागतं आणि ते बारकाईनं करू लागतात. तापलेल्या खडकावरून उठणाऱ्या वावटळी दिसतात, नव्या काळ्या पृष्ठभागावरून भिरभिरत जाणाऱ्या, वायूला पीळ घालून वर नेणाऱ्या. लाव्हारसाच्या वाहत्या पात्रावर साय धरते, तिचे तुकडे होतात, एक तुकडा दुसऱ्याखाली जातो आणि फटीतून पुन्हा लाल रेघ उमटते. अकराशे अंशांच्या वर तापलेला हा रस हवा लागताच काळा पडू लागतो, हे वाचलेलं असतं. पण रेघ उमटते आणि आपण नीट पाहीपर्यंत विझते, हे बघितल्यावर ते खरं वाटतं. दिवसा, उसळी नसताना, विवराच्या कड्यापुढून कधी कधी पांढरे ठिपके तरंगत जातात. ते पक्षी असतात. लांब पांढऱ्या शेपटीचे, हवाईत त्यांना कोआए केआ म्हणतात. ते याच कड्यांच्या कपारींत घरटी करतात. पिल्लं वाढवायला त्यांनी ही जागा का निवडावी, याचं सरळ उत्तर असं की कड्यापर्यंत शत्रू सहज पोचत नाही. तरीही तो ठिपका वायूच्या लोटाला वळसा घालून शांतपणे आपल्या कपारीकडे जातो तेव्हा मी हातातलं सोडून बघत बसते.

हवाईच्या मूळ रहिवाशांसाठी हे विवर म्हणजे पेले या देवीचं घर आहे. होती अशी दंतकथा नव्हे, आजही आहे. तिच्यासाठी म्हणायची स्तवनं आहेत, तिच्याकडे जाण्याची रीत आहे. कारंज्यातून उडालेल्या रसाचे वाऱ्यावर ताणले गेलेले काचेचे सोनेरी धागे मैलोन्‌मैल जाऊन पडतात. त्यांना सगळं जग, शास्त्रज्ञांसकट, पेलेचे केस म्हणतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला ती जागा रिकामी वाटते. ती रिकामी नाही. कोणाच्या तरी घराच्या उंबऱ्यावर आपण डोळा लावून बसलेलो असतो.

उसळी संपते तीही न सांगता. नऊ-दहा तास अखंड उसळलेलं कारंजं बघता बघता खुजं होतं, दोन-चारदा धडपडतं आणि संपतं. कधी कधी एवढ्याला मिनिटही लागत नाही. वर उरलेला थोडा रस भोवरा करत त्याच तोंडातून परत आत ओढला जातो. मागे राहतो तो विवराच्या तळावर पसरलेला लाल जाळीदार पट, आणि पुढची कितीतरी रात्र त्या जाळीतले धागे एक एक करून विझत जातात. कारंजं संपल्यावर बघणारे बहुतेक निघून जात असावेत. मी थांबते. हे विझणं मला कारंज्याइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण जमीन तयार होते ती या वेळात. काल जो रस होता त्यावर आज पाऊस पडतो आणि वाफ उठते.

आता एका आलेखाबद्दल. चित्राच्या जोडीला मी दुसऱ्या खिडकीत, या डोंगरावर नजर ठेवणाऱ्या वेधशाळेचा एक आलेख उघडा ठेवते. माथ्याजवळ उवेकाहुना इथे जमिनीत खोल पुरलेलं टिल्टमीटर नावाचं उपकरण आहे, त्याच्या नोंदीचा हा आलेख. जमीन किती कलली ते हे यंत्र सांगतं, आणि ज्या मापात सांगतं ते ऐकून मी चाट पडले होते. एक मायक्रोरेडियन म्हणजे एक किलोमीटर लांबीची सरळ दांडी घ्यायची आणि तिचं एक टोक एक मिलिमीटरनं उचलायचं. एवढा कल. विवराखाली शिलारस साठू लागला की डोंगराचा माथा फुगतो आणि ही रेघ वर चढू लागते. उसळी सुरू झाली की खालचं कोठार रिकामं होऊ लागतं आणि रेघ कड्यावरून पडावी तशी खाली येते. उसळी थांबली त्याच घटकेला ती पुन्हा वर वळते. दहा-वीस मायक्रोरेडियनचा हा खेळ. म्हणजे कॅमेऱ्यात धुक्याखेरीज काही दिसत नसतं त्या दिवसांतही डोंगर अविरत भरत असतो. चित्र ठप्प आणि रेघ चढती, असं शेजारी शेजारी बघितलं की त्या शांततेला शांतता म्हणायला जीभ रेटत नाही.

या रेघेवरून वेधशाळा अंदाज देते. पुढची उसळी अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कधीतरी. रेघेचा वेग मंदावला तर तारखा पुढे ढकलतात, वाढला तर अलीकडे आणतात. मला या अंदाजांचा प्रामाणिकपणा भावतो. त्यांत ‘होईलच’ हा शब्द नसतो. शंभराहून जास्त वर्षं या डोंगराची नाडी हातात धरून बसलेले लोक अजूनही तीन-चार दिवसांची मोकळी जागा सोडून बोलतात, आणि ती जागा डोंगराची आहे हे मान्य करतात.

त्या शंभर वर्षांमागे एक शहर आहे. ८ मे १९०२ रोजी कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माँ पले या ज्वालामुखीतून निघालेला तप्त वायू आणि राखेचा लोट सँ-पिएर शहरावरून गेला आणि काही मिनिटांत सुमारे २८,००० माणसं मेली. थॉमस जॅगर हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ त्यानंतर लवकरच तिथे पोचला. त्यानं जे पाहिलं त्यातून त्याच्या मनानं एक घेतलं : उद्रेक झाल्यावर धावत जाऊन मोजमापं घेण्यानं भागणार नाही, ज्वालामुखीच्या शेजारी घर करून राहायला हवं, काही होत नसतानाही रोज बघायला हवं. त्यातून १९१२ साली किलाउएयाच्या काठावर वेधशाळा उभी राहिली. ‘यापुढे शहरं गिळली किंवा गाडली जाऊ नयेत’ अशा अर्थाचं लॅटिन वचन तिनं ब्रीद म्हणून घेतलं होतं. मी धुक्यानं भरलेलं चित्र उघडं ठेवते तेव्हा बघत असते ती जॅगरनं मागितलेली गोष्टच. काही होत नसतानाची नोंद. ते माझ्या जिवाच्या हौसेसाठी बसवलेलं नाही. पहाऱ्यासाठी बसवलेलं आहे आणि आपल्याला डोकावू दिलेलं आहे.

पहाऱ्यावर असलेल्यांनाही डोंगर सोडत नाही. २०१८ च्या मे महिन्यात किलाउएयाच्या पूर्वेकडच्या उतारावर, वस्तीत, जमीन फाटली. सातशेहून जास्त घरं लाव्हारसाखाली गेली. इकडे माथ्यावर दहा वर्षं हालेमाउमाउमध्ये चमकत असलेलं लाव्हारसाचं तळं काही दिवसांत आटलं, विवराचा तळ पाचशे मीटरहून खोल खचला, आणि त्या धरणीकंपांच्या मालिकेत खुद्द वेधशाळेची इमारत इतकी मोडकळीला आली की ती सोडून जावं लागलं. पुढे त्या खोल खड्ड्यात पाणी साचलं, चक्क हिरवट तळं झालं. २० डिसेंबर २०२० च्या रात्री पुन्हा उद्रेक झाला आणि ते पाणी काही तासांत वाफ होऊन गेलं. आज ज्या तळावर मी वावटळी बघते तो या सगळ्यावर भरत आलेला तळ आहे.

कॅमेऱ्यातून बघण्यातला आनंद निखळ आहे का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. दोन चित्रं तो टाळू देत नाहीत.

एक न्यूझीलंडचं. फाकारी हे समुद्रातलं ज्वालामुखी बेट. तिथे विवराच्या काठावरचा कॅमेरा दर दहा मिनिटांनी एक चित्र टिपायचा. ९ डिसेंबर २०१९ च्या दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या चित्रात विवराच्या तळावरून रांगेनं चालणारी माणसं दिसतात. बारीक, ठिपक्यांएवढी. दोन वाजून अकरा मिनिटांनी उद्रेक झाला. त्या दिवशी बेटावर ४७ जण होते, त्यांतले २२ दगावले. धोक्याची पातळी तीन आठवड्यांपूर्वीच वाढवलेली होती, तरीही सहली चालू होत्या, आणि नेमकं एका मिनिटानंतर काय होणार हे कोणत्याही यंत्रानं सांगितलं नव्हतं. ज्या न ठाऊक असण्याची मला ओढ आहे असं मी वर लिहिलं, ते हेच. घरात बसलेल्या माझ्यासाठी ते कुतूहल आहे. विवरात उभ्या असलेल्या माणसासाठी ते आणखी काही आहे. ते चित्र मी एकदा पाहिलं. पुन्हा उघडलेलं नाही.

दुसरं आइसलँडचं. रेक्यानेस द्वीपकल्प सुमारे आठशे वर्षं निद्रिस्त होता. १९ मार्च २०२१ रोजी फाग्रादाल्सफ्यात्ल इथे निर्जन दरीत जमीन उघडली आणि लोक डोंगरउतारावर बसून लाव्हारस बघू लागले. जगभरातून बघणारे निराळेच. सणासारखे दिवस होते ते. पण जमिनीखालचा शिलारस सरकत राहिला. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री ग्रिंडाविक हे मच्छीमारांचं अख्खं गाव रिकामं करावं लागलं, आणि १४ जानेवारी २०२४ ला अगदी गावाच्या कडेला जमीन फाटून तीन घरं जळाली. तेही थेट दिसत होतं. आपलं घर जळताना माणसं पडद्यावर बघत होती, आणि तोच पडदा जगातले आम्ही सगळे बघत होतो.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. कोणताही ज्वालामुखी बघायला लागण्याआधी भिंगापुढे कोणाची जमीन आहे ते माहीत करून घ्यावं. हालेमाउमाउचा लाव्हारस विवराच्या आत, राष्ट्रीय उद्यानाच्या बंद केलेल्या भागात सांडतो आहे तोवर मी त्याच्या कारंज्याची मनापासून वाट बघू शकते. राख आणि काचेचे धागे तिथल्या वस्त्यांवर आणि रस्त्यांवर पडतात, त्याचा त्रास होतो, हे खरंच आहे. म्हणून वारा कोणत्या दिशेला आहे तेही मी बघते. पण घरांच्या दिशेनं जाणारी लाल रेघ मला बघवणार नाही, आणि ती देखणी आहे असं कोणी म्हटलेलं मला सहन होणार नाही.

६ डिसेंबर २०२५ रोजी, ३८व्या उसळीत, तीन कॅमेऱ्यांपैकी एक गेला. तो विवराच्या दक्षिण कडेला होता. दक्षिणेकडच्या तोंडातून निघालेलं कारंजं सरळ न जाता कललं आणि त्याच्यातून उडणारा सगळा मारा त्या बाजूला येऊ लागला. आधी बरंच दूर पडत होता, मग अलीकडे, मग भिंगासमोरच करड्या रंगाचा लोंढा उसळला आणि चित्र संपलं. यंत्रानं स्वतःचा शेवट शेवटपर्यंत पाठवला. कोणाला इजा झाली नाही, कारण त्या जागी माणूस नव्हता. त्या जागी माणूस असू नये म्हणूनच तो कॅमेरा तिथे होता. उरलेल्या दोन कॅमेऱ्यांत तीच उसळी बाजूनं दिसत राहिली. ते बघताना कळलं की माझ्या मनातली विवराची सगळी ओळख त्या गेलेल्या कॅमेऱ्याच्या कोनातून झालेली होती. उत्तरेचं तोंड डावीकडे की उजवीकडे, ओघळ कुठे वळणार, पक्षी कोणत्या कपारीत शिरणार, सगळं पुन्हा जुळवून घ्यावं लागलं.

कारंजी मी पुष्कळ पाहिली, पण बहुतेक वेळा मी पोचते तोवर ती भरात आलेली असतात. न थांबणारा तो ओघळ, तो पहिला, सुरू होतानाच मिळावा अशी माझी फार इच्छा आहे. आलेखाची रेघ आधीच्या उसळीच्या वेळी जिथवर गेली होती तिच्या जवळ आली की मी दोन्ही खिडक्या उघड्या ठेवते. रस चढतो, काठावरून सांडतो, बसतो. पाच मिनिटांनी पुन्हा चढतो.